जगात एवढं पिकतंय, मग लोक उपाशी का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आपण जगातल्या भुकेवर एक छोटा लेख छापला होता. त्यात म्हटलं होतं की २०२४ साली जगात साधारण ६७ कोटी माणसांना पुरेसं खायला मिळालं नाही, आणि याचं मोठं कारण धान्याची टंचाई हे नाही. त्या एका वाक्यावरनं एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, भाषा ज्याची त्याची ठेवलीय, शिव्या तेवढ्या काढल्यात.

"एकीकडं म्हणताय कोट्यवधी लोक उपाशी आन इकडं टोमॅटोचं क्रेट मार्केटला न्यायचं भाडंसुदीक निघत नाही म्हणून आम्ही माल बांधावर ओततोय. दोन्हीतलं एक कायतरी खोटं असणार की." – एक शेतकरी, विटा

दादा, दोन्ही खरंय, आणि दोन्हीचं मूळ एकच आहे. आधी हिशेब बघा. गहू, तांदूळ, मका, ज्वारी सगळं धरून जगात वर्षाला २८० कोटी टनांच्या आसपास धान्य पिकतं. माणसं ८०० कोटींच्या थोडी वर. म्हणजे माणशी वर्षाला ३४० किलोच्या आसपास, दिवसाला ९०० ग्रॅमच्या वर, आणि यात डाळी, भाजी, दूध, अंडी, मासे काहीच धरलेलं नाही. एवढं धान्य रोज कोण खातं? कुणीच नाही. त्यातला तिसरा हिस्सा तरी जनावरांच्या खाद्यात जातो, अमेरिकेतल्या मक्याचा मोठा वाटा इथेनॉलला जातो (उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला इथेनॉल काय असतं ते मी सांगायला नको), काही गोदामात, काही उंदरांना.

मग उपाशी कोण राहतं, तर ज्याच्याकडं पिकवायला जमीन-पाणी नाही आणि विकत घ्यायला पैसाही नाही तो. बाजारात नुसती भूक घेऊन गेलेल्याला कुणी विचारत नाही. तुमचा टोमॅटो ज्याला पाहिजे त्याला तो परवडत नाही, ज्याला परवडतो त्याचा फ्रीज आधीच भरलाय, त्यात माल नासका, चार दिवस थांबत नाही, म्हणून तो बांधावर. आणि गंमत म्हणा नाहीतर चीड येण्यासारखी गोष्ट म्हणा, जगातली बहुतेक उपाशी माणसं खेड्यातच राहतात आणि त्यातले कितीतरी छोटे शेतकरी नाहीतर शेतमजूर आहेत. म्हणजे जे पिकवतात तेच.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांना १९९८ साली नोबेल मिळालं, त्यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास केला होता. त्या दुष्काळात ३० लाखांच्या आसपास माणसं गेली. सेन यांचं म्हणणं असं की त्या वर्षी बंगालमध्ये धान्य काही एवढं कमी नव्हतं, १९४१ पेक्षा तर नव्हतंच, पण युद्धामुळं तांदळाचे भाव आभाळाला भिडले आणि शेतमजूर, कोळी, न्हावी यांची कमाई होती तिथंच राहिली, नाहीतर बुडाली. तांदूळ कलकत्त्याला जात होता आणि तो पिकवणाऱ्या जिल्ह्यांतली माणसं मरत होती.

आता हेच तुमच्या खानापूर-आटपाडीला लावा. पाऊस नाही म्हणून पिढ्यानपिढ्या माणसं सोन्या-चांदीच्या गलाईला, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामाला, देशभर गेली, तिकडं माण-खटावची मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडीत गेली. गावात पीक गेलं तरी मनीऑर्डर आली की चूल पेटायची. ज्याच्या घरातलं बाहेर कुणीच नाही त्याचं खरं मरण होतं. १९७२ च्या दुष्काळात अशाच लोकांना सरकारनं काम दिलं, खडी फोडायचं, रस्त्याचं, पाझर तलावाचं. १९७३ च्या मे महिन्यात तर राज्यात ५० लाखांच्या आसपास माणसं या कामांवर होती. वर सुकडी (पौष्टिक पिठाचा खाऊ) मिळायची, रेशनवर ती लाल मिलो (बाहेरनं आणलेली ज्वारी) मिळायची, जुन्या माणसांसमोर मिलोचं नाव काढून बघा, अजून तोंड वाकडं करतात. पीक साफ गेलं होतं, हाल बेसुमार झाले, जनावरं गेली, पण बंगालसारखे माणसांचे खच पडले नाहीत, कारण हातात मजुरी होती. आणि मागेल त्याला काम या कल्पनेचा प्रयोग १९६० च्या दशकात झाला कुठं, तर आपल्याच तासगाव तालुक्यात विसापूरला, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी केला. राज्याचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, देशाचा व्हायला २००५ उजाडलं.

"मूळ दुखणं लोकसंख्या हेच आहे, ते सोडून तुम्ही भलतीकडं बोट दाखवता. गरिबांनी मुलं कमी जन्माला घातली तर हा प्रश्नच उरणार नाही." – निवृत्त शिक्षक, कराड

गुरुजी, हे माल्थस नावाच्या इंग्रज पाद्र्यानं १७९८ साली मांडलं होतं, तेव्हा जगात १०० कोटी माणसंही नव्हती. आज आठपट आहेत आणि तरीही माणशी पिकणारं धान्य वाढलंय. आणि मुलं जास्त म्हणून गरिबी, की गरिबी म्हणून मुलं जास्त, हेही जरा उलटं करून बघायला पाहिजे. जिथं पाचातली दोन पोरं जगतील की नाही याची खात्री नसते, म्हातारपणी पेन्शन नसते, तिथं माणूस जास्त मुलं होऊ देतो. बांगलादेशात १९७० च्या दशकात बाईमागं सहाच्या वर मुलं होती, आज दोनच्या आसपास आहेत, आणि तो देश काही आधी श्रीमंत झाला नव्हता. मुली शाळेत गेल्या, लसी पोचल्या, गावोगाव बायका घरी जाऊन कुटुंब नियोजन समजावत फिरल्या, त्यानं झालं.

तुमचं सगळंच खोटं आहे असं नाही. नायजरसारख्या देशात बाईमागं अजून सहा-सात मुलं आहेत, जमीन कोरडी, पाणी तेवढंच, तिथं हा भार खरा आहे. पण आपल्या महाराष्ट्राचा आकडा २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १.७ निघालाय. पोरं नाहीत म्हणून झेडपीच्या शाळांचं काय चाललंय ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. मुलं कमी झाली, कुपोषण तेवढं कमी झालं नाही, त्याचं खाली बोलू.

"सर, कॉलेजमध्ये डिबेट आहे. ग्लोबल हंगर इंडेक्समध्ये २०२४ ला भारत १२७ देशांत १०५ वा, आणि सरकार म्हणतं इंडेक्सच चुकीचा. मी कुठल्या बाजूनं बोलू? खरं सांगू का, आमच्या गल्लीत तर कुणी उपाशी दिसत नाही." – बीए सेकंड इयर, सातारा

तुझं शेवटचं वाक्य सगळ्यात भारी आहे, तिथनंच सुरुवात कर.

इंडेक्स परदेशी संस्था काढतात आणि त्यात चार गोष्टी मोजतात, पुरेसं अन्न न मिळणारी माणसं, वयाच्या मानानं बुटकी मुलं, उंचीच्या मानानं बारीक मुलं, आणि पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं. सरकारचा आक्षेप असा की चारातल्या तीन गोष्टी लहान मुलांच्याच आहेत, त्यावरनं सगळ्या देशाची भूक कशी काढता, आणि पहिल्या आकड्यासाठीचा सर्व्हे तीन हजार माणसांचा. आक्षेपात दम आहे. नंबराचा खेळ तसाही फसवा असतो, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश आपल्या वर आहेत हे ऐकलं की टीव्हीवर आरडाओरडा होतो आणि दोन दिवसांत विषय संपतो. म्हणून तू नंबर सोड आणि आपल्याच सरकारचा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा घे, त्याला कुणी परदेशी म्हणू शकत नाही. २०१९-२१ च्या या सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं बुटकी निघाली, महाराष्ट्रातली ३५.२ टक्के. उंचीच्या मानानं बारीक मुलं देशात १९.३ टक्के आणि महाराष्ट्रात २५.६ टक्के, म्हणजे आपलं पुढारलेलं राज्य इथं देशाच्या मागं आहे. १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशभरात निम्म्याहून जास्त जणींच्या अंगात रक्त कमी.

आता तुझ्या गल्लीचं. ही भूक डोळ्याला दिसत नाही. पोट भरलेलं असतं, भात, चपाती, भाकरी-चटणी, चहा-बिस्कीट, पण डाळ पातळ, अंडं-दूध क्वचित, भाजी महाग. २०२४ साली जगात २६० कोटी माणसांना चौरस आहार परवडत नव्हता असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो, उपाशी माणसांच्या जवळजवळ चौपट. दोन वर्षांचं पोर बुटकं राहिलं तर आपण म्हणतो आईवर गेलंय. पण गर्भ राहिल्यापासनं मूल दोन वर्षांचं होईपर्यंतचे हजार दिवस निघून गेले की राहून गेलेली वाढ पुढं खाऊपिऊ घालून पूर्ण भरून येत नाही, नुसती उंची नाही तर मेंदूचीही. मग शाळेत मागं, मग मजुरी कमी, आणि मुलगी असेल तर लवकर लग्न, अशक्त आई, कमी वजनाचं बाळ, म्हणजे परत तेच.

याचे परिणाम किती लांब जातात बघ. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला होता, तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांचा पुढं पन्नास-साठ वर्षं अभ्यास झाला आणि त्यांच्यात मोठेपणी रक्तातल्या साखरेच्या तक्रारी जास्त निघाल्या. आपल्याकडं पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास केला, तर आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला कमी, पण त्या मानानं चरबी जास्त, स्नायू कमी. ही बाळं मोठी होऊन शहरात आली, बसून काम करायला लागली, वडापाव खायला लागली की डायबेटिस. घराघरात शुगरच्या गोळ्या का दिसतात याचं एक उत्तर आजीच्या ताटात असू शकतं. हे डिबेटमध्ये बोल, परीक्षक जागे होतील.

"आमच्या आजीच्या तोंडी दुष्काळाच्या लई गोष्टी होत्या. आता तसला दुष्काळ आफ्रिकेतच पडतो म्हणं. तिकडं पाऊसच नाही का?" – दहिवडी

माणदेशातल्या माणसानं पावसाचं विचारणं बरोबर आहे, पण पाऊस न पडणं आणि माणसं भुकेनं मरणं या दोन्हींच्या मधे सरकार, रस्ते, बाजार, बंदूक असं बरंच काही असतं. १८७६-७८ चा दुष्काळ घ्या, दख्खनसह देशभरात ५० लाखांच्या वर माणसं गेली. रेल्वे आली होती, धान्य हलवता येत होतं, पण ते भाव मिळेल तिकडं हललं, आणि गहू इंग्लंडला जातच राहिला. दुष्काळी कामावर सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं मजुरी ठरवली ती दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोला कमीच, वर चिल्लर. एवढ्यावर दगड-माती ओढायची. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं याविरुद्ध आवाज उठवला होता.

आता आफ्रिका. २०११ साली सोमालिया, केनिया, इथिओपिया तिघांवरही एकच कोरडा दुष्काळ होता. भूकबळींचा खच पडला तो सोमालियात, अडीच लाखांच्या वर माणसं आणि त्यातली निम्मी पाच वर्षांखालची, कारण तिथं सरकार असं नव्हतंच आणि बंदूकवाले मदत येऊ देत नव्हते. आज सुदानचं बघा, नाईल नदी आहे, गेझिराचं प्रचंड बागायत क्षेत्र आहे, आपल्या कृष्णाकाठासारखंच म्हणा. एप्रिल २०२३ मध्ये लष्कर आणि निमलष्करी दलात लढाई सुरू झाली, पेरण्या बुडाल्या, गोदामं लुटली, रस्ते बंद, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये झमझमच्या निर्वासित छावणीत दुष्काळ पडल्याचं अधिकृतपणे सांगण्यात आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझाचं तेच, माल भरलेले ट्रक सीमेच्या पलीकडं उभे. दुष्काळ हा शब्द असा उगाच लावत नाहीत, दर दहा हजारांत रोज दोन माणसं दगावायला लागली, पाचातल्या एका घरात खायला जवळजवळ काहीच नाही आणि तीस टक्के मुलं हाडाची काडं झाली, की मग. म्हणजे जाहीर होईपर्यंत उशीर झालेलाच असतो.

त्यात २०२५ साली अमेरिकेनं परदेशी मदत एकदम छाटली, जागतिक अन्न कार्यक्रमाला शिधा कमी करावा लागला. २०२० साली याच संस्थेला शांततेचं नोबेल दिलं होतं.

"ताटात टाकू नये म्हणून मी घरात सगळ्यांना धाकात ठेवते. याचा उपाशी लोकांना उपयोग होतो का?" – गृहिणी, मिरज

ताई, धाक चालू ठेवा, पैसे वाचतात. २०२२ साली जगात घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून १०५ कोटी टन अन्न कचऱ्यात गेलं, त्यातलं साठ टक्के घरांतनंच. पण तुमची वाचलेली चपाती सुदानला पोचत नाही हेही खरं.

"फुकट रेशन देऊन देऊन सरकारनं माणसं आळशी करून ठेवलीत. भांगलणीला बाई मिळत नाही, छाटणीला माणूस मिळत नाही. यावर लिहा की कधीतरी." – बागायतदार, वाळवा

लिहितो. हा प्रश्न एकट्या तुमचा नाही, चार पत्रं याच अर्थाची आहेत आणि चारही बागायतदारांची.

प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. दिवसाला १६६ ग्रॅम. त्यातनं पावणेसहाशे कॅलरी मिळतात, रानात राबणाऱ्या बाईला दोन हजारांच्या वर लागतात. तेल, डाळ, मीठ-मिरची, गॅस, पोराची फी, दवाखाना, मोबाईलचा रिचार्ज यातलं काही रेशनवर नाही. तेव्हा १६६ ग्रॅमवर आळशी होता येतं का ते एक आठवडा घरात करून बघा आणि आम्हाला कळवा.

मजूर मिळत नाही हे खरंय, मान्य. पण तो गेला कुठं? तरुण पोरं पुण्याला कंपनीत, नाहीतर डिलिव्हरीला, नाहीतर गवंडीकामाला गेली कारण तिथं रोज जास्त पडतो. रेशन असल्यामुळं एक मात्र झालं, उद्या चूल पेटणार नाही या भीतीनं पडेल त्या मजुरीवर यायची वेळ थोडी कमी झाली. तुम्हाला तो आळस वाटतो, मला ती बाईची पहिल्यांदा लागलेली घासाघीस करायची ताकद वाटते. यावर आपलं जमणार नाही, असू दे.

आणि हे रेशन कुणी दया म्हणून दिलेलं नाही. २००१ साली सरकारी गोदामं ओसंडून वाहत होती आणि दुष्काळी भागांत लोक उपाशी होते, तेव्हा सुप्रीम कोर्टात केस गेली, त्यातनं शाळेत शिजवलेला आहार देण्याचा आदेश आला, आणि पुढं २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा झाला. आज देशात ८० कोटींच्या आसपास माणसं त्याखाली येतात.

"गरिबाला स्वस्त द्यायचं म्हणून आमचा भाव पाडायचा, निर्यात बंद करायची. गरिबीचा खर्च शेतकऱ्यानंच का उचलायचा?" – भात उत्पादक, शिराळा

या प्रश्नावर माझ्याकडं गुळगुळीत उत्तर नाही, तुमची तक्रार रास्त आहे. जुलै २०२३ मध्ये सरकारनं बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठवली. जगात तांदळाचा जो व्यापार होतो त्यातला ४० टक्क्यांच्या आसपास आपला, त्यामुळं इथं दार लावलं की आफ्रिकेतल्या गरिबाचा भात महाग होतो. म्हणजे आपल्या शहरातल्या गिऱ्हाइकाला वाचवायला शिराळ्याचा शेतकरी आणि सेनेगलचा मजूर दोघांनी पैसे मोजले. २०२२ साली युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा गव्हाचंही असंच केलं होतं. स्वस्त धान्य द्यायचंच, पण त्याचा बोजा सरकारी तिजोरीनं घ्यावा, हमीभावानं खरेदी करून द्यावं, बाजार दाबून नाही. हे म्हणायला सोपं आहे, कारण हमीभावाची खरेदी पंजाब-हरियाणात होते तशी आपल्याकडं होत नाही. शिराळ्याचा भात व्यापारीच घेतो.

"आमच्याकडं बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. त्यांची कार्डं तिकडची. पोरं फडातच असतात दिवसभर. ह्यांना इथं रेशन मिळतं का? खरं काय ते सांगा." – ऊस उत्पादक, पलूस

मिळतं. वन नेशन वन रेशन कार्डमुळं कार्ड कुठलंही असू दे, कुठल्याही रेशन दुकानात कार्डाचा नंबर सांगून ई-पॉस मशीनवर अंगठा लावला की त्यांच्या वाट्याचं धान्य द्यावं लागतं. घरातले म्हातारे गावाकडं राहिले असतील तर सगळं उचलू नका, इथं आलेल्यांपुरतं घ्या, बाकीचं तिकडं त्यांना घेता येतं. कार्डाला आधार जोडलेलं आणि प्रत्येकाचं ई-केवायसी झालेलं पाहिजे, अडतं ते बहुतेक इथंच. दुकानदार कोटा नाही म्हणाला तर १९६७ नंबरवर तक्रार करता येते, नाहीतर सरळ तहसीलच्या पुरवठा शाखेत जा, आणि त्यांच्याबरोबर तुम्ही जा, एकट्या टोळीवाल्याला टेबलावरनं टेबलावर फिरवतात.

अंगणवाडीचंही तसंच आहे, सहा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना जिथं असतील तिथल्या अंगणवाडीत आहार मिळायला हवा, गाव कुठलं ते बघायचं नाही. पण बाई स्वतःहून जाणार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, एक दिवस बुडाला तर खाडा (दंड) लागतो आणि तो फिटता फिटत नाही, मग सात महिन्यांची गरोदर बाईसुद्धा मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढते. तेव्हा सेविकाबाईंना भेटून टोळीतल्या पोरांची आणि गरोदर बायकांची यादी तुम्हीच द्या, आणि त्यांना खोप्यांवर न्यायचं असेल तर संध्याकाळी न्या. सकाळी गेलात तर तिथं एखादं दहा वर्षांचं पोर बारकं भावंड सांभाळत बसलेलं असेल, बाकी सगळी तोडीला.

(ऊसतोडीच्या पत्रासोबत मुकादमाच्या हिशेबाचाही प्रश्न होता, तो मोठा आहे, पुढच्या अंकात घेऊ.)